आश्लेषेची पस्तीस मिनिटं

काशीला निघण्याआधी ज्योतिषी गोपाळराव जोशी घरोघरी जाऊन माफी मागत होते. १९३४च्या माघात, एका रविवारी सकाळी ते गिरिधरकडे आले. गिरिधर सरकारी कचेरीत कारकून. घरात आई यमुताई आणि बायको सुहासिनी. लग्नाला चार वर्षं झाली होती.

जोशीबुवांनी चहा घेतला नाही. म्हणाले, "माझ्या हातून एक खोटं झालं. सूनबाईंची पत्रिका मी पुष्य नक्षत्राची केली, देवगणाची. त्यांच्या वडिलांनी, मनोहररावांनी, सांगितलेली वेळ पस्तीस मिनिटं पुढची होती. तेव्हा आश्लेषा लागली होती. राक्षसगण. तुमचा देवगण, जमत नव्हतं. मनोहररावांनी फार गळ घातली."

ते गेल्यावर गिरिधरनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो," सुहासिनी म्हणाली. "बाबा म्हणाले, राग आवर म्हणजे झालं."

"माझा नाही असल्या गोष्टींवर विश्वास," गिरिधर म्हणाला. त्या दिवशी ते खरं होतं.

दुधात पाणी घातलं म्हणून सुहासिनी दूधवाल्याला दर महिन्या-दोन महिन्यांनी फैलावर घेई. यमुताई शेजारणीला कौतुकानं सांगत, "व्यवहाराची पक्की आहे वं माझी सून." फाल्गुनात पुन्हा तसंच भांडण झालं. यमुताई मुलाला म्हणाल्या, "पाह्यलं काय गा? तो राक्षसगण आता बाहेर निघून राह्यला."

गिरिधरनं आईला गप्प केलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच.

सुहासिनीनं बोलणं कमी केलं. दूधवाल्याकडून ती मुकाट्यानं दूध घेऊ लागली. मग यमुताई म्हणाल्या, "त्या गणाचा राग पोटात राह्यते. तो अजून वाईट."

चैत्रात गिरिधरला खोकला झाला. सुहासिनीनं अडुळशाचा काढा करून आणला. त्यानं पेला हातात घेतला, आत पाहिलं आणि खाली ठेवला.

"नंतर घेतो."

"निवून जाईल."

"घेतो म्हटलं ना."

संध्याकाळी तो पेला तिनं जसाच्या तसा मोरीत रिकामा केला. त्यानंतर गिरिधर बाहेरच्या खोलीत झोपू लागला. खोकल्यानं तुझी झोप मोडते, असं कारण त्यानं दिलं. खोकला आठवड्यात गेला. अंथरूण बाहेरच राहिलं.

सुहासिनी टांगा करून सक्करदऱ्याला वडिलांकडे गेली. मनोहरराव एकटेच होते.

"बाबा, माझ्या जन्माची वेळ नक्की कोणी पाहिली होती?"

"पाह्यची कशानं? घड्याळ कुठं होतं घरात?" ते म्हणाले. "मी तलावावर होतो. सुईणीचा निरोप आला तेव्हा ऊन उतरून राह्यलं होतं. त्याच्यावरून अंदाजानं लिहिली."

"अंदाजानं?"

"सगळे तसंच लिहितात वं. काहून?"

ती पाणीही न पिता परतली. गिरिधर कचेरीतून आल्या आल्या तिनं त्याला सगळं सांगितलं. घड्याळ नव्हतं. पुष्यही खरं नाही, आश्लेषाही खरी नाही. कोणालाच काही माहीत नाही. बोलताना तिला धाप लागली होती. आता तो सुटल्यासारखा हसेल, असं तिला वाटत होतं.

गिरिधरनं टोपी काढून खुंटीला अडकवली.

"मग तू कशी आहेस, हे आता कळायचं कसं?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"चार वर्षं एका घरात राहतो आपण."

"हो," तो म्हणाला. मग बाहेरच्या खोलीत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.