त्रेचाळीस आणि माझी तिसरी खुंटी

मित्रांनो, मी एक जुना ॲल्युमिनियम आहे. पातेल्यातला नव्हे हं, लाकडातला. काडेपेटीहून थोडा मोठा ठोकळा, पोटावर रंगानं लिहिलेलं Al आणि एका बाजूला तीन खुंट्या. तिसरीची कहाणी निराळी आहे, ती येईलच ओघात.

विज्ञानाच्या बाईंचा भाऊ सुतार होता. फळ्यावर संयुजा शिकवून माझा घसा बसला, पण पोरांच्या डोक्यात काही बसत नाही, असं बाई एकदा त्याच्याजवळ कुरकुरल्या. त्यानं खिडकीच्या चौकटीतून उरलेलं लाकूड घेतलं आणि आमचं अख्खं खानदान घडवलं. सोडियमला एक खुंटी, कॅल्शियमला दोन, मला तीन. क्लोरीनला एक भोक, ऑक्सिजनला दोन. एकही खुंटी मोकळी नको, एकही भोक रिकामं नको, की झालं संयुग! मग कोण किती ते मोजून लिहायचं, तेच त्याचं रेणुसूत्र. नाव घेताना माझं आधी. जोडी जमली की ऑक्सिजनचा ऑक्साइड होतो, क्लोरीनचा क्लोराइड होतो. मी मात्र कुठंही गेलो तरी ॲल्युमिनियमच. याचा मला जरा गर्व आहे, खोटं कशाला बोलू?

आमच्यात सल्फेट तेवढा अवघड गडी. एक सल्फर आणि चार ऑक्सिजन एकाच फळीवर कायमचे चिकटवलेले, आणि सगळ्यांची मिळून भोकं दोनच.

बाईंच्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायची. मुलीलाही मोठेपणी तेच काम करायचं होतं, आणि रसायनशास्त्राशिवाय ते मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. गढूळ पाणी निवळायला केंद्रात ॲल्युमिनियम सल्फेट टाकतात. आईच्या तोंडी ते रोजचंच नाव. म्हणून बाईंनी त्याचं सूत्र विचारलं तेव्हा ती मोठ्या हौसेनं फळ्यापाशी गेली आणि तिनं लिहिलं, Al₂SO₄₃.

"त्रेचाळीस ऑक्सिजन!" मागून कुणीतरी वाचलं. सगळा वर्ग पोट धरून हसला. झालं, त्या दिवसापासून तिचं नावच त्रेचाळीस पडलं. नळावर पाणी प्यायला गेली तरी त्रेचाळीस आली, त्रेचाळीस आली. पोरांचा खेळ होत होता आणि तिचा जीव जात होता. मला तोंड असतं तर मी एकेकाला चांगलं सुनावलं असतं.

काही दिवसांनी ती बाईंना म्हणाली की पुढे रसायनशास्त्र घेणार नाही. आईसारखं काम? तेही नको. बाईंनी ना समजूत घातली, ना उपदेश केला. मधल्या सुट्टीत आम्हा ठोकळ्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला आणि शेजारी बसून वह्या तपासायला घेतल्या.

तिनं मला उचललं, माझा एक जुळा भाऊ उचलला. एक सल्फेट लावला, दोन लावले, तरी दोन खुंट्या उरल्या. तिसरा लावला आणि सगळं कसं चपखल बसलं. मग वहीत लिहायला गेली, आणि पुन्हा चाराच्या शेजारी तीन! तिचे डोळे भरून आले. अगं थांब, एवढ्यात हरू नकोस, असं मी मनात म्हणत होतो.

ती सल्फेटकडे बघत राहिली. नखानं त्याचा एक ऑक्सिजन उचकटून पाहिला. तो हलेना.

"बाई, हा तुकडा फुटत नाही ना?"

"नाही."

"म्हणजे अख्खाच तीनदा घ्यायचा. मग याला भिंत पाहिजे."

तिनं SO₄ च्या दोन्ही बाजूंना दोन वाकड्या रेघा ओढल्या आणि तीन भिंतीबाहेर लिहिला. Al₂(SO₄)₃. कंस बाईंनी कितीदा तरी शिकवला होता, पण तो तिचा झाला तो त्या दिवशी. तिनं रसायनशास्त्र सोडलं नाही.

पुढे वर्गात पडदा आला. त्यावर रंगीत गोळे आपोआप जुळायचे, मग आम्हाला कोण विचारतो? एका दांडगोबानं मला बसत नाही तिथं ठोकलं आणि माझी तिसरी खुंटी मुळासकट निघाली. डबा गेला कपाटावर, आणि मी गेलो डुगडुगत्या बाकाच्या पायाखाली. एवढा शिकलेला मी! पण खरं सांगू, तिथूनही तास ऐकू यायचा, त्यामुळे दिवस बरे गेले.

परवा बाईंनी वर्गात एक पाहुणी बोलावली. बाईंचे केस आता पांढरे झालेत. पाहुणी जलशुद्धीकरण केंद्रातली. तिनं तुरटीसारख्या पांढऱ्या खड्यांची बाटली टेबलावर ठेवली आणि या ॲल्युमिनियम सल्फेटचं सूत्र कोण लिहील, असं विचारलं. एक चष्मेवाला मुलगा उठला. लिहिलं काय, तर Al₂SO₄₃. वर्ग हसला. त्याचे कान लाल झाले.

"हसू नका," पाहुणी म्हणाली. "या शाळेत माझं नाव त्रेचाळीस होतं. आता आईच्याच टेबलाशी बसून मी तुमचं पाणी तपासते."

तिनं कपाटावरचा डबा उतरवला. सल्फेट होते, ॲल्युमिनियम मात्र एकच. इकडेतिकडे बघताना तिला मी दिसलो. तिनं वाकून मला ओढून काढलं, तसा बाक कलंडला आणि बाकावरचे दोघे घसरले. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, आपल्या पेन्सिलीचा तुकडा मोडून माझ्या रिकाम्या भोकात घट्ट बसवला आणि मला त्या मुलाच्या हातात दिलं. थोड्या वेळानं त्यानं फळ्यावर स्वतःहून भिंत घातली.

मित्रांनो, आता माझ्या दोन खुंट्या लाकडाच्या आणि तिसरी पिवळ्या पेन्सिलीची आहे, आणि मी अगदी मजेत आहे. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. एखादी गोष्ट बसत नसेल तर ठोकू नका, मोजून बघा. कुणी फळ्यावर चुकलं तर हसण्याआधी आमचा डबा त्याच्यापुढे ठेवा. आणि काम झालं की आम्हाला जपून डब्यात परत ठेवा, कारण या वर्गात अजून पुष्कळ त्रेचाळीस यायचे आहेत.