सहा हात माळ

झेंडूची माळ, सहा हात.

निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव.

हातभर रुंद तवा.

निघोजे गावातल्या कारखान्याच्या शेडमधला पत्रा दाबायचा प्रेस. माळ डावीकडून घालायची, उजवीकडं स्विच आहे.

"मशीन न्हाई, तर एवढी लांब माळ कुणाला?" हिंदुरावानं विचारलं.

दुर्गाबाईनं हातातल्या माळेकडं पाहिलं. बावीस वर्षं खंडेनवमीला नवऱ्याच्या मशीनसाठी ती याच मापाची माळ ओवत आली होती. त्याची नोकरी जाऊन सहा महिने झाले, हे बोटांच्या लक्षात आलं नव्हतं. हिंदुरावानं कात्री उचलली.

"तोडू नका. दोन वेढे बसतील."

तिनं तवा पाटावर ठेवला. वेढे नीट बसले. हळदकुंकू झालं, मग माळ उतरवून तिनं गॅस पेटवला.

पूजेनंतरच्या जेवणाचे चाळीस डबे त्याच शेडनं सांगितले होते. जेवण पसंत पडलं तर रोजचं काम मिळणार होतं. डबे रिक्षानं पाठवू, असं हिंदुराव दोन दिवस म्हणत होता. ज्या फाटकातून आपल्याला बाहेर काढलं, तिथं डबे घेऊन उभं राहणं त्याला जड जात होतं.

"रिक्षावाला डबे पोचवंल," पोळी उलटत ती म्हणाली. "उद्याचं काम कोण मागंल?"

तो उठला. सवयीनं निळा शर्ट चढवला, गुंड्या लावल्या, पुन्हा काढल्या. लग्नाकार्याचा पांढरा घातला आणि शेजाऱ्याच्या टेंपोत डबे चढवले.

फाटकावर वॉचमननं ओळख असूनही वही पुढं केली. नाव. गाव, पिंपळे गुरव. काम. हिंदुरावानं लिहिलं, जेवण.

त्याच्या प्रेसवर आता ओंकार होता, त्यानंच शिकवलेला. माळ उजवीकडून घातलेली, स्विच झाकलेला. हिंदुरावानं ती सरकवली. ओंकारनं ओशाळून नारळ पुढं केला.

"तुमीच फोडा, दादा."

"तुजी मशीन, तू फोड. माजी पूजा झाली सकाळी, घरी." तो थांबला. "जेवून सांग. उद्यापासून रोज आणतो."

चैत्रात, नोकरी गेल्यावर, हिंदुराव बारा दिवस निळा शर्ट घालून घरातून निघत होता आणि काही बोलला नव्हता. पहिल्या संध्याकाळी धुवायला घेतलेल्या शर्टाला तेलाचा डाग नव्हता. डब्यांसाठीचा हा तवा दुर्गाबाईनं दुसऱ्याच दिवशी विकत आणून पलंगाखाली ठेवला होता.