राहीबाई पोहायला शिकली

राहीबाईला आपलं नेमकं वय ठाऊक नव्हतं. आई सांगायची, "उन्हाळ्यात झालीस, पान्याची लय बोंब हुती तवा." पण म्हसवडच्या बाजूला दर उन्हाळ्यात पाण्याची बोंब असायची, त्यामुळे त्यावरून काही उमगत नसे. लग्न होऊन ती कृष्णाकाठच्या ऊसकरी घरात आली, तीन लेकरं झाली, त्यांची लग्नं झाली. वय विचारायची वेळ कुणावर आली नाही.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत तिचा थोरला भाऊ हरिबा भाऊबीजेला आला आणि त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला.

"शाळंत दाखला काडाय गेलो हुतो, राहे. मास्तरनं जुनं रजिस्टर उगाडलं, तर माज्याखाली चार नावं सोडून तुजं नाव. वरीसभर पयलीत बसली हुतीस न्हवं तू."

कागदावर तारीख होती, अठरा एप्रिल एकोणीसशे पंचवीस. राहीबाईच्या नवऱ्यानं, नाथाजीनं, बोटांवर हिशेब केला. तो पलटणीतून हवालदार होऊन परतलेला, तारखांच्या बाबतीत काटेकोर माणूस. "येत्या अठरा एप्रिलला पन्नास पुरी," तो म्हणाला.

राहीबाईला वाईट वाटलं नाही. उलट भांडी घासता घासता तिला एक भलताच विचार सुचला. पन्नास वर्षांत आपण काय काय पाहिलंच नाही? बाजारच्या दिवशी सांगलीत पुरुष हॉटेलात चहा प्यायचे आणि ती बाहेर गाठोडं धरून उभी राहायची. आत कसं असतं?

पुढच्या खेपेला ती नाथाजीच्या मागोमाग सरळ आत शिरली आणि बाकावर बसली. मसाला डोसा मागवला. आतली बटाट्याची भाजी तिला आवडली, वरचा पापुद्रा फुकटचा मोठा वाटला. "घरात निम्म्या पिठात हुईल," ती म्हणाली. पण समोरच्या भिंतीवरल्या आरशात स्वतःला खाताना बघून तिला गंमत वाटली.

मग तिनं पुतण्याची सायकल धरली. दोन दिवसांत तिसऱ्यांदा उसाच्या सरीत पडल्यावर कोपर सोलून निघालं आणि तिनं सायकल परत केली. माघात ती भजनी मंडळातल्या ज्योतिबाकडे पेटी शिकायला बसली. महिनाभर बोटं आपटली. एके दिवशी म्हणाली, "ज्योतिबा, मला ही आवडतच न्हाई बघ," आणि उठून आली. न आवडणंही कळलं, याचंच तिला बरं वाटलं.

फाल्गुनात ऊन तापलं. तिची धाकटी जाऊ बयाबाई नदीकाठच्या माहेरची, माशासारखी पोहायची. दुपारी मळ्यातल्या विहिरीवर धुणं झालं की लुगड्याचा काष्टा घट्ट करून ती पाण्यात उतरायची. राहीबाईनं त्या विहिरीचं पाणी तीस वर्षं भरलं होतं, पण पायरीच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं.

"मला शिकीव," ती म्हणाली.

बयाबाईनं तिच्या पाठीला पांगऱ्याचं वाळकं लाकूड बांधलं. ते हलकं लाकूड माणसाला बुडू देत नाही. नाथाजी वरच्या पायरीवर उभा राहून हुकूम सोडायचा. "हात मार. एक, दोन. पाय ताठ."

आठव्या दिवशी लाकडाचा दोर सुटला. राहीबाई थेट खाली गेली. नाकातोंडात पाणी शिरलं. तशातही डोळे उघडे राहिले, आणि तिला हिरवागार उजेड दिसला, वर ताटाएवढं गोल आभाळ, हलणारं. मग बयाबाईनं तिला अंबाड्याला धरून पायरीवर ओढलं. नाथाजी तिसऱ्या पायरीवर दोन्ही हात पुढे करून उभा होता. तोंड पांढरंफटक, धोतर कोरडं.

संध्याकाळी तो सोप्यात सुपारी कातरत बसला होता. राहीबाई जवळ येऊन बसली.

"तुमी का उतरला न्हाई? पल्टनीत पवायला शिकिवत्यात म्हनं."

अडकित्ता थांबला.

"मला येत न्हाई," तो म्हणाला. "पंधरा वर्सं काडली तितं. नदी पार करायची असली की माजं पोट दुकायचं. एकदा तर दोराला लटकून गेलो, डोळं मिटून. गावात कुनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

"मलाबी?"

"तू तरी कवा इचारलंस?"

ते खरं होतं. सायकल, पेटी, हॉटेल यांच्याविषयी तिनं केवढी चौकशी केली होती. समोरच्या माणसाला मात्र काही विचारलं नव्हतं. ती त्याच्याकडे नव्यानं बघत राहिली.

"आनि काय काय येत न्हाई तुमास्नी?"

"थांब, आठवून सांगतो," तो म्हणाला, आणि दिवा लावायची वेळ झाली तरी दोघं बोलत बसली.

चार दिवस ती विहिरीकडे गेली नाही. रात्री अंग दचकायचं. पण तो हिरवा उजेड काही डोळ्यांपुढून जाईना. पाचव्या दिवशी तिनं स्वतःच दोराला दोन गाठी मारल्या. चैत्र लागला तसं तिनं लाकूड बांधायचं सोडून दिलं. आधी पायरीपासून दोन हात, मग चार.

अठरा एप्रिलला दुपारी ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, शेवाळलेल्या दगडाला हात लावून परत आली. बयाबाई वर धुणं पिळत होती. नाथाजी पाण्यालगतच्या पायरीवर खाकी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बसला होता. राहीबाई त्याच्याजवळ येऊन थांबली.

"उतरा. हितं पान्याखाली आनिक पायरी हाय, पाय टेकतोय."

तो काठ धरून उतरला. छातीपर्यंत पाणी आलं. "गार हाय लय."

"असू द्या. आता डोसकं आत घाला आनि डोळं उगडं ठेवा."

"काय दिसंल?"

"ते मी सांगनार न्हाई."

त्यानं तिचा हात गच्च धरला, श्वास घेतला आणि खाली गेला. तीन बुडबुडे आले. मग तो खोकत वर आला, तोंडावरून हात फिरवला.

"काईच दिसलं न्हाई," तो म्हणाला. "डोळं मिटलं माजं."

"मग परत जावा," राहीबाई म्हणाली. "मी हाय की."