दोन बोटं उंच

जावयाने बोटीच्या मागच्या फळीवर क्लॅम्पला शेवटचा पीळ दिला तेव्हा त्याच्या हाताखाली एकच मोटर होती, पण डोक्यात सात होत्या. ही बोटवालीची. बाकी सहा तिच्या भावांच्या बोटींना लागायच्या, अजून वल्ह्यांवर चालणाऱ्या. ही नीट पळाली की त्याही आपल्याच हाताखालून जाणार, आणि धक्क्यावरचे लोक 'सुताराचा जावई' म्हणायचं सोडून 'मेकॅनिक' म्हणायला लागणार. खरं विचाराल तर त्याला हाव होती ती या दुसऱ्या गोष्टीची.

बोट सासऱ्याने बांधलेली होती. तो बाजूलाच ओंडक्यावर बसून चष्मा पुसत होता. पुसून काही फरक पडत नाही हे सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं, आणि त्यालाही.

बोटवाली पलीकडच्या काठावर माणसं पोचवायची. वेळ कमी आणि तोंड मोठं, अशी बाई. जावयाला बरोबर घेऊन तिने बोट पाण्यात लोटली. थोडं अंतर काटलं नाही तोच मोटर किंचाळायला लागली. पंखा पाण्याऐवजी हवाच घुसळत होता, आणि बोट रुसल्यासारखी जागच्या जागी. शेवटी नवी कोरी मोटर मागे लटकवून बाई वल्ही मारत परत आली. ते बघायला चारजण उभे होतेच.

बोट वर ओढल्यावर जावयाने टेप लावला. पंख्यावरचा आडवा पत्रा बोटीच्या तळाच्या बरोबरीने यायला हवा. तो दोन बोटं वर होता.

"मागची फळीच उंच कापलीय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मोटरीने काय करायचं? जिच्यावर बसवायची तीच चुकली."

इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण चौघे ऐकत होते.

"दिसत नसेल तर माणसाने विचारावं कुणाला तरी."

कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याने आता बोटी सोडून नातवाचा पाळणा करावा, असं एकाने सुचवलं. तोही तिरकाच झुलेल, असं दुसऱ्याने.

सासरा उठला. फळीच्या वरच्या कडेवरून त्याने तळहात फिरवत नेला, या टोकापासून क्लॅम्पपर्यंत. तिथे हात थांबला. बोटांनी क्लॅम्पखाली जरा चाचपलं.

"असेल," तो म्हणाला. "बाई, तुम्ही चहा घेऊन या. कापायला अर्धा तास लागेल. जावईबापू, उतरवा मोटर."

बाई आणि ते चौघेही चहाच्या टपरीकडे वळले. जावयाने क्लॅम्प सैल केले आणि मोटर उचलून खाली ठेवली. फळीच्या कडेवर, इतका वेळ मोटरीखाली झाकलेली, काळ्या रबरात गुंडाळलेली लाकडाची पट्टी तशीच बसलेली होती. दोन बोटं जाड. सकाळी एकट्याने वजन पेलताना बोटं चेमटू नयेत म्हणून आधाराला त्यानेच ठेवलेली, आणि क्लॅम्प आवळण्याआधी काढायची. पण आवळताना तो सात मोटरींच्या गणितात होता.

त्याचे कान तापले.

"मामा, ही मी..."

"हे धरा."

सासऱ्याने पट्टी स्वतःच्या पिशवीत टाकली होती आणि एका टाकाऊ लाकडाचं टोक त्याच्या हातात दिलं होतं. मग त्याने करवत चालवली, सावकाश, टपरीपर्यंत आवाज जाईल अशी. जावई स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत लाकूड धरून राहिला. पुरेसा भुसा पडल्यावर सासऱ्याने तो मूठभर उचलून फळीच्या पायथ्याशी पसरला.

"मी सांगतो तिला," जावई पुटपुटला.

"सांगा की. मग त्या सहा मोटरी ती कोणाला देईल, तेही सांगा. त्या घरात माझी पोरगी जेवते."

"आणि तुमचं काय?"

"माझे डोळे गेलेतच. फळी मी हाताने मोजतो. एवढं तुम्हाला कळलं, पुरे झालं."

मोटर बसली. पत्रा तळाच्या बरोबरीने आला. या खेपेला बोटवाली एकटीच गेली आणि पाणी कापत आली तेव्हा तिचा पदर मागे फडफडत होता.

"मेस्त्री, राग मानू नका," ती उतरता उतरता म्हणाली. "पण भावांच्या बोटींच्या फळ्यांचं काम आता मी दुसऱ्या सुताराकडे देते."

बरोबरच आहे, असं सासरा म्हणाला.

जावयाने तोंड उघडलं. तेवढ्यात ती त्याच्याकडे वळली.

"काय मेकॅनिक, बाकीच्या सहांना कधी हात लावता?"

उघडलेल्या तोंडातून काहीतरी यायला हवंच होतं.

"परवा," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी सासरा लेकीकडे आला. तिचं जेवणाचं टेबल कित्येक दिवस एका पायावर डुगडुगत होतं. त्याने पिशवीतून पट्टी काढली, रबर सोलून, रंधा मारून बेताची केली आणि त्या पायाखाली सरकवली. इतकी नेमकी कुठे मिळाली, असं लेकीने विचारलं. जावईबापूंच्या कामावर उरली होती, असं त्याने सांगितलं आणि पाणी मागितलं.

तर कोणाला काय मिळालं म्हणाल, तर बोटवालीला वेग, लेकीला न हलणारं टेबल, आणि जावयाला सहा मोटरी नि हवं ते नाव. सासऱ्याची करवत खुंटीवर गेली ती गेलीच.

जावई त्या दिवसापासून खाली बसून जेवतो, ताट मांडीवर घेऊन. बायको अजून विचारते, आता तर टेबल हलत नाही ना?