डिपर

दादासारखा भाऊ शोधून सापडायचा नाही, असं धाकटी ज्याला त्याला सांगायची. शाळेजवळच्या वळणावर भरधाव गाडीने तिच्या लेकीला उडवलं, तेव्हापासून पोरीला उचलून दवाखान्यात नेणं-आणणं सगळं दादाकडेच. पोलीस चौकीत तर त्याने असा आवाज चढवला की साहेबांच्या हातातला चहा हिंदकळला. अखेर त्या वळणावर वेग मोजायचं यंत्र घेऊन पोलीस उभे राहू लागले. रोज नाही, अधूनमधून. पण कधी येतील याचा नेम नाही म्हटल्यावर लोक रोजच दबकून चालवतील, एवढ्याच आशेवर धाकटी लेकीला पुन्हा शाळेत धाडणार होती.

पायाचं प्लास्टर काढून तिघं दादाच्या गाडीतून परतत होती. वळणावर पोलीस होते. दादाने शहाण्या मुलासारखा वेग कमी केला. वळण मागे पडलं आणि त्याने समोरून येणाऱ्या ट्रकला दोनदा डिपर मारला. ट्रकवाल्याने हात वर केला, दादानेही केला.

"ओळखीचा होता?"

"छे गं. पुढे पोलीस आहेत म्हणून सांगितलं. ड्रायव्हर लोकांत एवढं चालतंच."

"अरे, यांना धरावं म्हणूनच ना आपण चौकीत खेटे घातले?"

"हिला उडवणारा हरामखोर वेगळा. ही बिचारी पोटापाण्याला निघालेली माणसं. घाईत असतात."

"तोही घाईतच होता, दादा."

"तू ना, उगाच मनाला लावून घेतेस," म्हणत दादाने पुढच्या गाडीलाही दिवे चमकवले.

ज्याच्या जिवावर धाकटी इतके महिने तग धरून होती, तो तिच्या बाजूचा नव्हताच. तो त्या सगळ्या घाईवाल्यांचा होता, आणि याची त्या शहाण्याला कल्पनाही नव्हती. परक्याने केसाने गळा कापला असता तर निदान चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

गाडी घरापाशी थांबली. दादा नेहमीसारखा मागचं दार उघडून वाकला. पोरीने हात पसरले. "मामा, उचल!"

धाकटी मध्ये आली. "मी घेते."

"वेडी आहेस का? झेपणार आहे का तुला?"

झेपत नव्हतंच. तरी तिने पोरीला खांद्यावर घेतलं आणि धापा टाकत पायऱ्या चढू लागली.

"मामाने काय केलं गं?" पोर रडवेली झाली होती.

धाकटीला उत्तर ठाऊक होतं. पण ते ऐकून 'मग त्यात काय झालं?' असं म्हणणार नाही, असं एकही माणूस तिला आठवेना.