हिरव्या कोटातलं बुजगावणं

ऑस्टरबी गावात दर सप्टेंबरात बुजगावण्यांचा आठवडा असायचा. घरोघरच्या कुंपणाशी एकेक उभं राहायचं. कोणी पोलीस करायचं, कोणी नवरी, चर्चच्या दारात हटकून एक जाडा पाद्री. हिलरी कॉथॉर्नचा सगळा संसार या गावात झाला होता, पक्षाच्या शाखेची चिटणीस म्हणून काम करता करता केस पांढरे झाले होते, पण या पेंढ्याच्या माणसांना बघून ती कधी दचकली नव्हती.

त्या वर्षी बसच्या थांब्यावर बाकावर एक बसलेलं होतं. बाईचं. अंगात हिरवा लोकरी कोट, त्याला मोठाली लाकडी बटणं. डोक्याच्या जागी बटाट्याच्या पोत्याचा गोळा, आणि त्यावर नाकडोळे काढलेलेच नव्हते.

कोट हिलरीने लांबूनच ओळखला. तो इमोजेन फॅरंटचा होता, त्यांच्या खासदारबाईंचा. वसंतातल्या चहापानाला आली तेव्हा ती तो गावच्या सभागृहात विसरून गेली होती, आणि परत द्यायचा म्हणून हिलरीने तो तिथल्याच कपाटात कुलपात ठेवला होता.

इमोजेनने या सप्टेंबरातच संसदेत आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं होतं. कराराशिवाय युरोपीय संघातून बाहेर पडायचं नाही, या बाजूने. त्याच रात्री पक्षाने तिला संसदीय गटातून काढलं. दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर, वर्तमानपत्रांत एकच शब्द घुमायला लागला, शरणागती. आधीच्या सार्वमतात ऑस्टरबीने बाहेर पडण्याच्या बाजूने भरभरून कौल दिला होता. हिलरीनेही दिला होता. पण इमोजेनला पहिल्यांदा दारोदार प्रचाराला नेलं होतं तेही हिलरीनेच. कोणाचं कुत्रं चावतं, कोण चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, सगळं तिनेच शिकवलं होतं.

हिलरी दुकानात शिरली. गल्ल्यावर एव्हिस ट्रँटर होती.

"एव्हिस, थांब्यावरचं ते कोणी केलंय गं?"

"कुठलं?"

"हिरव्या कोटातलं."

एव्हिसने पाव पिशवीत घातला. "कोणी नाही," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "बुजगावणंच आहे ते."

बाहेर विल्फ गारबट भेटला. बिटाची मोठी शेती होती त्याची, शिवाय शाखेचा अध्यक्ष. हिलरीने त्यालाही विचारलं.

"कोणी नाही," विल्फ म्हणाला. तोही जरा थांबला. "बुजगावणंच आहे ते."

शब्द तेच, थांबणंही त्याच जागी. बुजगावणं उचलून घरी न्यायचं असं ठरवून ती थांब्याकडे वळली. बाकावर एक बाई बसची वाट बघत होती. ती सरकून कडेला बसली होती, शेजारच्याला जागा द्यावी तशी. तिच्या नजरेसमोर हिलरीला त्याला हात लावायचा धीर झाला नाही. इमोजेनला फोन करावा असं तिच्या मनात आलं. तोही तिने केला नाही.

शनिवारी दुपारी सभागृहात बैठक होती. इमोजेनवर शाखेचा विश्वास आहे की नाही, एवढाच विषय. समुद्राकडून धुकं आत आलं होतं आणि खिडक्या दुधाळ झाल्या होत्या. हिलरी नवऱ्याबरोबर, डेस्मंडबरोबर पोचली, तेव्हा सभागृह भरलेलं होतं. मागच्या रांगेत, भिंतीलगतच्या खुर्चीवर हिरव्या कोटातलं ते बसलेलं होतं. कोणी आणून ठेवलं ते विचारण्यात अर्थ नाही, हे आता तिला कळलं होतं.

इमोजेन आली, समोरच्या टेबलाशी हिलरीशेजारी बसली.

"तो माझा कोट ना?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मी घरभर शोधत होते." तिला हसायचं होतं, पण जमलं नाही. "मागितला असतात तर मी दिला असता, हिलरी."

ती बोलायला उभी राहिली. शेतात कामाला येणाऱ्या माणसांबद्दल बोलली, बंदरात अडकणाऱ्या मालाबद्दल बोलली, मी तुमचा कौल मोडत नाही, फक्त अंधारात उडी नको म्हणते, असं म्हणाली. कोणी मधे बोललं नाही. तिचं संपलं, तसं विल्फ म्हणाला, "प्रश्न विचारा."

एव्हिस उठली. आणि तिने पाठ फिरवली. मागच्या भिंतीकडे तोंड करून तिने विचारलं, "तू आम्हाला का विकलंस?"

खुर्च्या खरडल्या. एकेक करून सगळे मागे वळले. टेबलाशी बसलेल्या हिलरीला आता फक्त डोक्यांच्या मागच्या बाजू दिसत होत्या. त्यात डेस्मंडचं टक्कलही होतं.

"एव्हिस, मी इकडे आहे," इमोजेन म्हणाली.

एव्हिस मान किंचित कलती करून ऐकत होती. पण इमोजेनचं नाही. बराच वेळ ऐकून तिने मान डोलावली. "असं म्हणतेस तर," ती म्हणाली आणि बसली.

"ऐकलंत?" कोणीतरी पुटपुटलं.

"ऐकलं. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं."

मग दुसऱ्याने विचारलं, मग तिसऱ्याने. पैसे कोणाचे घेतलेस, ब्रसेल्सच्या युरोपवाल्यांशी कधीपासून संधान आहे. प्रत्येक प्रश्नानंतर तशीच शांतता, आणि उत्तर पोचल्यासारख्या माना हलायच्या. इमोजेन आधी मोठ्याने बोलत राहिली, मग हळू, मग गप्प झाली. तिने टेबलाखाली हिलरीचं मनगट धरलं.

"हिलरी, नोंद घे," विल्फ म्हणाला. तोही मागेच बघत होता. "खासदारांनी आरोप मान्य केले."

हिलरीने पेन उचललं. अध्यक्षाने सांगायचं आणि तिने लिहायचं, हीच सवय. अर्धं वाक्य लिहून झाल्यावर तिचा हात थांबला.

"मागचं ते काही बोललं नाही, विल्फ," हिलरी म्हणाली. "जी बोलली ती इथे बसलीय."

तेव्हा मात्र सगळे तिच्याकडे वळले. रागाने नाही. एखादी म्हातारी भर बाजारात वाट चुकली की तिच्याकडे बघतात तसं. एव्हिस तर चुकचुकली. मग इमोजेनवर विश्वास नसलेल्यांना विल्फने हात वर करायला सांगितलं आणि हात वर झाले. डेस्मंडचाही.

इमोजेन निरोप न घेता धुक्यात निघून गेली. माणसं चहाच्या टेबलाकडे वळली. हिलरी मागच्या रांगेत गेली आणि सगळ्यांसमोर तिने कोटाची बटणं सोडली. कोणी अडवलं नाही. आत गळ्याभोवती राखाडी मफलर होता, तिनेच डेस्मंडसाठी विणलेला. तिने मफलर ओढला तसं पोतं मांडीवर कललं, पेंढा जमिनीवर सांडला, आणि चहाच्या टेबलाशी कोणीतरी कळवळल्यासारखा श्वास घेतला.

घरी आल्यावर तिने मफलर डेस्मंडपुढे टाकला.

"सभागृहातल्या कपाटाची माझी किल्ली याच्यासाठी नेलीस?"

"कोट आणि मफलर थांब्यावर नेऊन ठेवले. एवढंच केलं मी."

"बांधलं कोणी?"

"खरंच माहीत नाही, हिलरी. पोतं आधीच तिथे होतं. पेंढ्याची गाठोडीही होती. सकाळी बघतो तर ती बसलेली."

"ती?"

तो मफलरची घडी घालायला लागला.

"सभेत तू तिचं उत्तर ऐकलंस?"

डेस्मंडने चष्मा काढून पुसला. लबाड माणूस नव्हता तो. "ऐकलं," तो म्हणाला. "आवाज इमोजेनचाच होता. तुला कसा ऐकू आला नाही?"

हिलरीने चिटणीसपद सोडलं. डिसेंबरात निवडणूक झाली. इमोजेन उभीच राहिली नाही, आणि पक्षाचा नवा माणूस दणदणीत मतांनी निवडून आला. गावात हिलरीशी कोणी वाकडं वागलं नाही. एव्हिस तब्येतीची चौकशी करायची, विल्फ टोपीला हात लावून नमस्कार करायचा. घरातही सगळं पूर्वीसारखंच होतं. फक्त डेस्मंड अधूनमधून वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारायचा, "काय म्हणालीस?"

"काही नाही. मी बोललेच नाही."

"अच्छा," तो म्हणायचा आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहायचा.

जानेवारीतल्या एका दुपारी ती टेबलाशी मुकाट्याने बटाटे सोलत बसली होती. या वेळी डेस्मंडने काही विचारलं नाही. तिच्याकडे मान किंचित कलती करून तो ऐकत होता. हळूहळू त्याचा चेहरा उतरला, ओठ घट्ट मिटले. मग तो उठला, आपला कप उचलला आणि शेजारच्या खोलीत जाऊन त्याने दार ओढून घेतलं.