हस्तकलेतला पतंग

शाळेच्या प्रदर्शनात विज्ञानाचं बक्षीस मला हवंच होतं. त्यासाठी मी अंड्यापासून एक पतंग वाढवला, रानातला, झाडाच्या सालीवर दिसेनासा होणारा. पण पाटीवर नुसतं 'पतंग' वाचून आमच्या अतिहुशार बाईंनी मला हस्तकलेच्या विभागात बसवलं!

परीक्षक सरांनी सालीचा तुकडा न्याहाळला.

"पतंग कुठाय, बाळ?"

"समोरच बसलाय, सर."

"आणि दोरा?"

"अळी असताना कोष विणला, त्यात संपला."

"मग उडवून दाखव, नाहीतर बक्षीस विसर."

मी सालीवर टिचकी मारली. करड्या पंखांखालचे केशरी पंख उघडले आणि सर किंचाळून खुर्चीमागे लपले.

पहिलं बक्षीस मिळालं. हस्तकलेचं! म्हणे, रंगकाम फारच सुबक आहे.